ताई, आम्ही खाली उतरलो

४ डिसेंबर

ताई,

फोन केला की भाऊजी उचलतात आणि म्हणतात, "ती झोपलीय." सकाळी अकरा वाजता कोण झोपतं? तू तर नाहीच. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, पत्राची सुरुवात कशी करायची ते शिकवलं त्या दिवशी मी नक्की गैरहजर असणार. अक्षराला हस. हसलीस तर बरंच वाटेल.

तीन वर्षं झाली. माझी मुलगी दोन वर्षांची झाली, तू तिला अजून पाहिलेली नाहीस. गोल गरगरीत आहे, म्हणून आम्ही तिला गोटी म्हणतो. तिचे बाबा अजून बसच्या डेपोतच आहेत, गाड्या धुतात. थंडीने हाताला भेगा पडतात, रात्री मलम लावून मोजे घालून झोपतात, पायात नाही, हातात. मी जाकिटांच्या कारखान्यात जाणं सोडलं. आता कारखान्याचा माणूस लहान मुलांची जाकिटं घरी आणून टाकतो, मी त्यांना चेन लावून देते. मशीन खिडकीशी ठेवलंय. हे नवं घर चौथ्या मजल्यावर आहे, उजेड भरपूर.

थंडी मरणाची आहे, पण मजा पण आहे. समोरच्या मैदानावर नगरपालिकेची माणसं मोठ्या पाइपाने पाणी सोडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, केवढं पाणी वाया घालवतायत. दुसऱ्या दिवशी बघते तर पाणी गोठून सगळ्या मैदानाची काच झालेली! त्यावर लोक तळाला पाती असलेले बूट घालून घसरतात. ज्यांना येत नाही त्यांनी लाकडी खुर्ची पुढे ढकलत शिकायचं. कुंपणाला पाच-सहा जुन्या खुर्च्या त्यासाठीच ठेवल्यात.

आम्ही रोज जातो. मी लाल टोपी घालते. गोटीला प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवते, ट्रेला दोरी बांधलीय, आणि ओढत फिरवते. काल वळणावर ट्रे उलटला, दोघी आडव्या. गोटी इतकी हसली की तोंडाचा नुसता आ झालेला दिसत होता. सगळं मैदान साखरेवर मुंग्या फिराव्यात तसं दिसतं.

तू असतीस तर एका दिवसात खुर्ची फेकून दिली असतीस.

तुझी भित्री भागूबाई


१९ डिसेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल.

इथे एक शिट्टीवाली आजी आहे. शाळेत मुलींना कवायत शिकवायची म्हणे, आता निवृत्त झालीय, पण शिट्टी काही गळ्यातून निघत नाही. रोज दहा वाजता सगळ्या आया बाबागाड्या घेऊन जमतात आणि ही त्यांना मैदानाभोवती पळवते. एक शिट्टी म्हणजे चाला, दोन म्हणजे पळा, तीन म्हणजे गाडी थांबवून जागच्या जागी उड्या मारा. एक जाडी बाई आहे, ती तीन शिट्ट्या झाल्या की बुटाची नाडी बांधायला बसते. रोज. आजी तिच्यासमोर जाऊन उभी राहते आणि ती उठेपर्यंत शिट्टी वाजवत राहते. हसून हसून पोट दुखतं.

नर्सबाई येऊन गेल्या. दोन वर्षांचं मूल असलं की त्या घरी बघायला येतात. बाईंची जीभ म्हणजे कात्री. दार उघडल्याबरोबर म्हणाल्या, "घरात किती कोंदट आहे गं, मुलगी वाढवतेस की भिंतीवरची बुरशी?" मग गोटीला म्हणाल्या, "ये बरं माझ्याकडे चालत." गोटी लाजली. लाजाळू आहे ती. नर्सबाईंनी तिचे पाय दाबून बघितले, वाकवून बघितले. थोडा बाक आहे म्हणाल्या. थोडासाच. बऱ्याच मुलांना असतो. औषधाचे थेंब दिलेत. काळजीचं काही नाही.

मी तिला नीट गुंडाळून नेते हो. दोन स्वेटर, कानटोपी, वर शाल. तू माझ्या थोरल्याला न्यायचीस तसं तोंड उघडं ठेवून नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर कागद घाण दिसेल.


३ जानेवारी

ताई,

आधीची दोन्ही पत्रं खोटी आहेत.

म्हणजे मैदान खरं आहे, काच खरी आहे, आजी पण खरी. लाल टोपीवाली बाई मी नाही. ती कोण आहे मला माहीत नाही. ट्रेमधली मुलगी तिची आहे. मी चौथ्या मजल्यावरून बघते. आजीची शिट्टी बंद काचेतून सुद्धा येते, बाकी आवाज येत नाही, म्हणून तोंडं बघते.

गोटी दोन वर्षांत किती वेळा बाहेर गेली ते सांगते. दवाखान्यात, टोचायला. दर वेळी टॅक्सीने, शालीत. तेवढंच. उन्हाळ्यात सुद्धा नाही. खिडकी मी चिकटपट्टीने बंद केलीय, फटीतून वारा येतो म्हणून.

ती लाजली नव्हती. तिला चालता येत नाही. मी तिला कडेवरून खाली ठेवतच नाही, फरशी गार असते. शिवताना पण मांडीवर असते. नर्सबाईंनी तिला उभी केली तर तिचे पाय धनुष्यासारखे वाकले आणि ती रडायला लागली, आणि मी पण.

"हाडं मऊ राहिलीत," नर्सबाई म्हणाल्या. "ऊन नाही, हालचाल नाही. मुलगी आहे की लोणच्याची बरणी, फडकं बांधून ठेवलीयस ती?"

मी म्हटलं, "बाहेर थंडी आहे."

"ते बाहेर फिरतात ती काय अस्वलं आहेत?"

मग माझ्या तोंडाकडे बघून त्या जरा मऊ झाल्या. थेंबांनी हाड पक्कं होईल म्हणाल्या, पण पायात जोर यायला पायांवर उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी मला तिला खाली ठेवावं लागेल, बाहेर न्यावं लागेल, रोज. फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बघायचं. फरक दिसला नाही तर दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या. त्या वर्ष-दोन वर्ष घालाव्या लागतात, आणि त्याने पण नाही झालं तर हाड कापून सरळ करतात.

मी तुला हे का सांगते? दुसरं कुणी नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून काही मोडलं की तुझ्याकडेच आणायची सवय आहे.


११ जानेवारी

ताई,

गोटीला घेऊन चार वेळा निघाले. पहिल्यांदा दारापर्यंत. दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत. तिसऱ्यांदा खालच्या मोठ्या दारापर्यंत गेले, दार ढकललं, वारा आत आला, गोटीच्या डोळ्यात पाणी आलं वाऱ्याने, आणि मी जी फिरले ती वर येऊन दाराला कडी. चौथ्यांदाचं सांगण्यासारखं नाही, जिन्यातच बसले.

काल ह्यांच्याशी भांडण झालं. हे म्हणाले, "मी नेतो. सुट्टी आहे आज."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

"माझी पण मुलगी आहे ती."

"थोरल्याला पण ताई अशीच नेत होती."

तर हे जेवता जेवता थांबले. तीन वर्षांत आम्ही त्याचं नाव काढलेलं नाही. हे म्हणाले, "एक विचारू? तुला खरंच वाटतं, थंडीने झालं ते?"

मी ताट उचलून आत गेले. भांडी दोनदा घासली.

ताई, माझी भीती नुसती थंडीची नाही. ती मी सांगते, तू समजून घे किंवा नको घेऊस. उद्या मी गोटीला खाली नेलं, आणि परवा नेलं, आणि महिनाभर नेलं, आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही, तर? तर मग तू थोरल्याला रोज अर्धा तास उन्हात नेलंस त्यात तुझा काय दोष? दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं, "तूच मारलंस त्याला." पिशवी भरलीस आणि गेलीस. ते मी मग कशाच्या जोरावर म्हटलं?

गोटी घरात आहे तोवर माझं बरोबर आहे. ती बाहेर गेली की मी चुकले.

पोरीचे पाय वाकले तरी मला बरोबर राहायचं होतं. असली आई आहे मी.


२० जानेवारी

ताई,

आम्ही खाली उतरलो.

परवा. सकाळी दहाला. ह्यांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. गोटीला इतकं घातलं होतं की तिचे हात खाली जाईनात, दोन्ही बाजूंना उभे. मी शिवलेल्याच जाकिटांपैकी एक आहे, चेनचा एक दात वाकडा बसला म्हणून कारखान्याने परत केलेलं.

मैदान वरून दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे. आणि आवाज! वरून मुकं दिसायचं ना, खाली नुसता कालवा. गोटी घाबरून माझ्या गळ्यात. मी पण घाबरले, पण मला कुणाच्या गळ्यात पडायला नव्हतं.

शिट्टीवाली आजी आली. जवळून बघितली तर माझ्या खांद्याएवढी आहे गं! म्हणाली, "चौथा मजला, डावीकडची खिडकी. तूच ना? दीड महिना बघतेय मी तुला. मला वाटलं पुतळाबितळा ठेवलाय की काय."

मी गोटीची टोपी आणखी खाली ओढली.

"मुलीला खाली ठेव."

"तिला चालता येत नाही."

"इथे कुणाला येतंय?" आजी म्हणाली. तेवढ्यात एक चांगला दाढीवाला माणूस आमच्यासमोर घसरून दणकन बसला. गोटी हसली. खरंच हसली, आवाज करून.

आजीने कुंपणाची एक खुर्ची ओढून आणली. मी गोटीला खुर्चीच्या मागे उभी केली, तिचे हात आडव्या पट्टीवर ठेवले, आणि मागून काखेत धरून राहिले. खुर्ची थोडी सरकली. तिच्या मागे गोटीचे पाय सरकले. पावलं नाही म्हणता येणार, घसरणंच. पण उभी होती. दोन वर्षांची झाली तरी मी तिला उभी असताना पाठीमागून कधी बघितलं नव्हतं. तिची मान तुझ्यासारखी आहे.

दहा मिनिटं. मग मी तिला उचलून पळत घरी आणली, तिच्या छातीला कान लावून तासभर बसले.

काल पण गेलो. आज पण. जाड्या बाईशी बोलणं झालं. नाडी बांधायचं नाटक आहे हे ती स्वतःच सांगते. म्हणाली, "तीन बाळंतपणं झालीत माझी, मी उड्या मारल्या तर खाली काय काय सांडेल ते आजीला कुठे ठाऊक!" मी इतकी हसले की मलाच लाज वाटली. एवढ्या वर्षांनी मैदानात उभं राहून हसले, आणि हसता हसता वाटलं, थोरला आता सव्वातीन वर्षांचा असता, हीच खुर्ची त्याने एकट्याने ढकलली असती.


३१ जानेवारी

ताई,

गोटीला खोकला झाला.

शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदा खोकली. मी ह्यांना म्हटलं, "बघा, नेलं बाहेर आणि झालं." तुला सांगते, ते म्हणताना माझ्या मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझंच बरोबर होतं. पोरीचा श्वास घरघरतोय आणि आईला सुटल्यासारखं वाटतंय. तू मला वाढवलंस, तुला हे माहीत असलेलं बरं.

रविवारी नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी तपासलं. मी विचारलं, "थंडीने झालं ना?"

"थंडीने नाही गं. खोकणाऱ्या माणसाकडून होतं. अर्धी इमारत खोकतेय, लिफ्टमधून घेतला असेल. आणि घरात कुणी खोकत असेल, तर त्याने मुलाला जवळ घ्यायचं नाही, एवढं पाळ." मग जाताना म्हणाल्या, "छाती साफ आहे. चार दिवसांत बरी होईल."

चार दिवसांत बरी झाली.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहीत आले ते सांगते.

त्या आठवड्यात मला खोकला होता. थोरला आजारी पडायच्या आधी. कारखान्यात आमच्या ओळीतल्या सगळ्या जणी खोकत होत्या. तुझा नियम होता, खोकला असेल त्याने बाळाला घ्यायचं नाही. मी तुला सांगितलं असतं तर तू मला तो दिला नसतास. दिवसभर तो तुझ्याकडे. आंघोळ तू घालायचीस, उन्हात तू न्यायचीस, पहिलं हसू पण तुझ्याकडे बघून. मला संध्याकाळचे दोन तास मिळायचे. ते पण गेले असते.

म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून खोकायची. कामावरून येताना औषध घ्यायची. आणि त्याला जवळ घेऊन पाजायची, तोंडाला तोंड लावायची.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला खोकला होता का?" तू माझ्या शेजारीच उभी होतीस. मी म्हटलं, "नाही." आणि मग तुझ्याकडे बोट केलं.

मला हे तेव्हाच कळलं होतं, ताई. आता नर्सबाईंनी सांगितलं म्हणून कळलं असं नाही. मी त्यावर थंडी पांघरून ठेवली होती.

माफ कर असं लिहिलं नाही. त्या शब्दात हे मावत नाही.


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. एवढ्या पत्रांना चार ओळी. मला पाठ झाल्यात तरी लिहून काढते, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल.

"खोकला मला ऐकू यायचा. नळाचं पाणी एवढा वेळ कोण सोडतं? मी बोलले नाही, कारण तुला तो दिवसातून तेवढाच मिळायचा. मी मोठी होते, मी बोलायला हवं होतं. मी त्यासाठी गेले, तुझ्या बोलण्यासाठी नाही. आता थोडे दिवस लिहू नकोस."

आधी मला राग आला. खरं सांगते. बोलली असतीस तर, असं दिवसभर मनात. चेन उलट्या लावत गेले, सात जाकिटं उसवावी लागली. मग संध्याकाळी गोटीला जेवू घालताना हात थांबला. मी तुझ्यावर जे टाकलं ते तू उचललंच नव्हतंस. तुझं वेगळंच उचलून गेलीस. आणि आपण दोघी दोन गावांत एकाच बाळाचं दुःख एकेकटीने करत बसलो. भाऊजी सांगतात, तू आता कुणाचं मूल घेत नाहीस. शेजारणीने पुढे केलं तरी हात मागे. तुझे हात, ताई!

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून हे पत्र टाकत नाही. लिहून मशीनच्या खणात ठेवणार. थोडे दिवस म्हणजे किती ते तू कळव.

काल मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. बाक अजून आहे. पट्ट्या नकोत म्हणाले, थेंब चालू ठेवा, उन्हाळ्यात परत दाखवा. गोटी त्यांच्या टेबलाला धरून उभी होती, तिथून सुटून दारापर्यंत गेली. आठ पावलं. बदकासारखी. हे म्हणाले, "आता हिला धरायला पळावं लागणार." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भेगांचे ते हात डोळ्यांना लावत नाहीत, पाण्याने झोंबतात, म्हणून तसेच उभे राहिले.

आज मैदानाची काच गढूळ झालीय, कडेला पाणी दिसतं. पातीवाले येत नाहीत आता. आजी मात्र येते. दहा वाजता सगळ्या निघाल्या, मी नेहमीसारखी कडेला गोटीला घेऊन उभी. आजी म्हणाली, "आण तिला इकडे. एक फेरी पळून ये."

मी म्हटलं, "नको."

"मी खाणार नाही तिला. तुझे पण पाय वाकतील उभं राहून राहून."

थोरल्यानंतर मी माझं मूल दुसऱ्या बाईच्या हातात दिलेलं नाही, ताई. नर्सबाई तपासायच्या तेव्हा पण एक हात माझा असायचा. आजीने हात पुढे केले. मी विचारलं, "तुम्हाला खोकला नाही ना?" ती म्हणाली, "नाही. तुला?" मी म्हटलं, "नाही."

दिली.

दोन शिट्ट्या वाजल्या. मी पळाले. जड बूट, चिखल, जाडी बाई शेजारून म्हणते, "हळू गं, चोर लागलाय का मागे?" अर्ध्या फेरीपर्यंत मान मागेच होती. मग पलीकडच्या बाजूला काही दिसेना, मध्ये झाडं येतात. तिथे रडले. पळताना रडलं तर कुणाला कळत नाही, सगळ्यांचीच नाकं गळत असतात.

फेरी संपवून आले. गोटी आजीच्या कडेवर होती. आजीच्या तोंडाकडे बघून हसत होती, माझ्याकडे लक्ष पण नव्हतं. मी तिला घ्यायला हात पुढे केले होते. ते खाली घेतले, आणि पुन्हा एक फेरी मारायला निघाले.